गाढव शाबूत, नाव गायब

येरमाळ्याला एसटीतून उतरलो तेव्हा हाडं खिळखिळी झाली होती. तिथून पुढं वाशीकडच्या एका गावात जुना शिलालेख आहे आणि त्यातल्या सरदाराचं नाव राजानं छिन्नीनं उडवलंय, एवढ्या ऐकीव माहितीवर मी रजा खर्ची घातली होती. जुन्या राजांची रीतच ती: माणूस मनातून उतरला की दगडावरूनही उतरवायचा.

गावात माजी सरपंच स्वतः पुढं आले. कडक इस्त्री, पांढरी टोपी. "चला पाव्हणं, म्या दावतो."

दगड तळ्याच्या काठी, शेंदरानं माखलेला. खाली गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी देणारं चित्र) ठसठशीत आणि वर तळं बांधणाऱ्या सरदाराच्या नावाच्या जागी नुसता खड्डा!

"गाढव शाबूत, मालक गायब," मी हसलो. "केलं काय होतं यानं?"

"कुणाला ठावं? पर तळं त्यानंच बांधलं न्हवं?" सरपंच हसले नाहीत.

मग त्यांनी मला शाळेजवळच्या पाण्याच्या टाकीपाशी नेलं. कोनशिलेवर सगळी नावं, एका ओळीवर मात्र सिमेंट थापलेलं.

"हितं आमचं नाव व्हतं. टाकी म्याच आणली." त्यांनी सिमेंटवरून बोट फिरवलं. "तुमी लिवणारं मानूस. पुस्तकात तरी नाव घाला. नातवंडांना दावाया कायतरी ऱ्हाईल."

मला भरून आलं. त्यांच्या घरी ज्वारीची भाकरी आणि भरलं वांगं चापताना मी शब्द देऊन बसलो.

थांब्यावर एक आजी भेटल्या. "सरपंचाकडं जेवलाव व्हय? वांगी गोड लागली आसतील."

"लई गोड!"

"लागायचीच. टाकीचं समदं पाणी त्येच्या मळ्यात जायचं. आमच्या नळाला नुसती हवा." त्यांनी पदर सरकवला. घागरी वाहून टाळूवरचे केस झिजले होते. "ह्ये बी लिवा."

तेवढ्यात एसटी आली. मी मान खाली घालून चढलो.

घरी लिहायला बसलो. सरपंचांचं नाव दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. त्या सरदाराचा गुन्हा मला ठाऊक नाही, यांचा आहे. शब्द मोडला म्हणून दगडावरचं ते गाढव माझ्या मागं लागेल, लागो बापडं. टाकी त्यांनी आणली, हे लिहिलंय. वांगी गोड होती, हेही.