तात्यांची पाचवी बोट

तात्या कुणालाही "कसा हायस?" असं विचारत नसत, वजन विचारत. एसटी स्टँडवर, न्हाव्याच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत समोरच्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत आणि म्हणत, "पासष्टच्या आत हायस ना रे? मग रविवारी ये तुडीलला." एकदा तर दहाव्याला गेले असताना मयताच्या मुलालाच त्यांनी वजन विचारलं. बायकांनी पदर तोंडाला लावले. मुलानं मात्र सांगितलं, आणि पुढच्या रविवारी तो आलासुद्धा.

मुंबई बंदरातली नोकरी संपवून तात्या गावी तुडीलला परतले ते ट्रकवर एक बोट लादूनच. नव्वदचं दशक संपत आलं होतं. दोन अरुंद होड्या, मधे दोन आडवे दांडे, त्यांवर ताणलेली जाळी आणि वर शीड. ते तिला कॅटमरान म्हणत, गाव जुळी म्हणे. गावच्या सुताराला हाताशी धरून तिच्याच मापाच्या आणखी चार त्यांनी बनवून घेतल्या. मापात बोटभर फरक पडला की सुताराला फळी परत कापायला लावत. "बोटी सारख्या असल्या की मग माणूस कळतो," असं त्यांचं म्हणणं.

लोकांना गोळा करण्याची त्यांची तऱ्हा अजब होती. पोहता येत नाही म्हणणाऱ्याला ते म्हणत, "झकास! पोहणारे बेफिकीर असतात. तू जॅकेट घट्ट बांधशील." डॉक्टरांनी कंबरेचं कारण सांगितलं तर भर दवाखान्यात, "कंबर घरी ठेवून या, बसायला लागतं ते घेऊन या." सावित्रीच्या पात्रात दर रविवारी शर्यत लागे आणि नारळ मिळे शेवटी येणाऱ्याला. मी विचारलं तर म्हणाले, "पहिला आलेला पुढल्या रविवारी येनारच रे. शेवटचा यायला हवा."

मी तेव्हा महाडला शाळेत शिक्षक होतो. मला त्यांनी धरलं ते मी मास्तर म्हणून. "तू उतरलास की पोरं उतरतील, पोरांमागून त्यांचे बाप," हा त्यांचा हिशोब. दुपारचा खारा वारा सुटला आणि एका बाजूची होडी पाण्याबाहेर उचलली गेली की मी दोरी धरून बाहेर कलत असे. आयुष्यात तेवढाच काळ मी कुणाला न भिता ओरडलो आहे. ते मला आवडत होतं, हे आधी कबूल करतो. आवडत नव्हतं असं मी पुढे बरीच वर्षं सांगत आलो.

मुंबईचा एक क्लब खाली खाडीच्या रुंद पात्रात शर्यती घेणार होता. एका मापाच्या पाच बोटी उभ्या राहिल्या तर त्यांना स्वतःची वेगळी शर्यत आणि दर वर्षी यायचं आमंत्रण, असा क्लबचा नियम. नाहीतर कुणाच्याही मोठ्या बोटींमागे रखडायचं. तात्यांकडे बोटी नेमक्या पाच. तुडीलच्या पोरांच्या दोन, कापड्याहून येणाऱ्या दोघा शेतकरी भावांची एक, महाडच्या मेडिकलवाल्याची आणि त्याच्या मेव्हण्याची एक, आणि पाचवीवर तात्या आणि मी.

आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत. लग्नाचं बोलावणं असो की श्रमदान, "येतो की" म्हणायचं आणि घरी बसायचं. बोलावणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, तो तेवढी पानं कमी मांडतो. तात्या मात्र हयातभर बाहेर राहिलेले. त्यांना "येतो" म्हणजे येतोच वाटे. हे मला समजत होतं. मी त्यांना समजावलं नाही.

शर्यतीच्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत टिंगल सुरू झाली.

"काय मास्तर, मासळीची पाटी घेऊन बाजारात कधी बसताय? आम्हाला वाटा स्वस्त लावा हं!"

मीही हसलो. मग कुणीतरी आठवण करून दिली की त्याच रविवारी संस्थेच्या अध्यक्षांकडे सत्यनारायण आहे, आणि पर्यवेक्षकाची जागा रिकामी आहे. शनिवारी संध्याकाळी तात्या शाळेच्या फाटकाशी आले. "पहाटेची ओहोटी धरायची हाय. येतोस ना?"

"येतो की," मी म्हणालो.

तिथून घरी जाताना मेडिकलवाला भेटला. "तुम्ही जाताय ना?" मी म्हणालो, "छे, मला कुठे जमतंय." त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं दिसलं. रविवारी मी अध्यक्षांच्या घरी प्रसादाचे द्रोण वाटत होतो. तुडीलला निरोप पाठवला होता, ताप आहे.

तो निरोप पोचेपर्यंत, ओहोटी सरत आली तरी, तात्या धक्क्यावर थांबले होते म्हणे. शेवटी तीन बोटी गेल्या. क्लबच्या लोकांनी पाहुणे म्हणून त्यांना मोठ्या बोटींमागे सोडलं. पोरं शेवटी आली. काठावरचे हसले. पुढच्या वर्षी आमंत्रण आलं नाही. मला पर्यवेक्षकपद मिळालं.

तात्यांनी मला त्यानंतर एका शब्दानं विचारलं नाही, की बोलावलंही नाही. रविवारच्या शर्यती हळूहळू बंद पडल्या. दोन बोटी पुरात गेल्या, एक उलटी घालून कुणी कोंबड्या ठेवल्या.

काही वर्षांनी, ते अंथरुणाला खिळल्याचं ऐकून मी तुडीलला गेलो. ओटीवर बसून बराच वेळ पावसापाण्याचं बोललो. मग म्हणालो, "तात्या, त्या रविवारी मला ताप नव्हता."

"ठाव हाय," ते म्हणाले. "प्रसादाला गेलेल्या बाया काय मुक्या हायत?"

"मी यायला हवं होतं."

"नाय यायचं तर नाय यायचं. पण नाय म्हणायचंस रे." ते थांबले, धाप लागली होती. "आपल्या गावच्या होडीवाल्याची एक पोर होती, रविवारी यायची. तुझ्यापरीस चांगलं सुकाणू धरायची. तिच्या बापानं कबूल केलेलं, शर्यतीत उतरली तर यंदा लगीन काढत नाय. शनिवारी तिनं इचारलं, तात्या, मी येऊ? मी म्हटलं, नाय गो, मास्तर येनार हायत. मास्तर आले की गाव येल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मे महिन्यात दिली तिला."

काकूंनी चहा आणला. मी तो प्यायलो, कप विसळून ठेवला, "येतो" म्हणालो आणि निघालो.

तात्या त्याच पावसाळ्यात गेले. त्यांना भेटून परतताना पुलावर आल्यावर मला सुचलं होतं, की त्या मुलीचं नाव काय आणि ती कुठे दिली, हे मी विचारलंच नाही. तात्यांचं घर अजून दिसत होतं. मी परत फिरलो नाही.