माझी हलकी पिशवी

लढाई संपली आणि नगरच्या कॅम्पातला जुना लष्करी माल बाजारात आला. घोंगड्या, बूट, पाण्याच्या बाटल्या, पाठीवर टाकायच्या पिशव्या. आमचे हे शाळामास्तर. ते आणि त्यांचे चार मास्तर मित्र दर हिवाळ्यात कुठला ना कुठला गड चढायचे आणि आल्यावर महिनाभर त्याच्याच गप्पा मारायचे. लग्न झाल्यापासून मी त्या गप्पांना नुसता चहा पुरवत होते. हरिश्चंद्रगड ठरला तेव्हा मात्र म्हटलं, मीही येणार. मला तो गड बघायचाच होता. हे हसले आणि मित्रांसमोर अट घातली, "चल की. पण आपलं ओझं आपणच वाहायचं. गडावर कुणी कुणाचा हमाल नसतो."

पिशव्या घ्यायला ह्यांच्याबरोबर गेले ती गाठोड्यात ज्वारी बांधूनच. ह्यांनी जाड कॅनव्हासची, चामडी पट्ट्यांची एक पिशवी नुसती बघूनच पसंत केली. "मजबूत आहे," म्हणे. मजबूत कसली, रिकामीच दगडासारखी जड! मी एकेका पिशवीत ज्वारी ओतली, पाठीवर घेतली आणि दुकानाच्या माडीचा जिना चढले-उतरले. दुकानदार तोंडाला उपरणं लावून हसत होता, हे लाजेनं रस्त्यावर जाऊन उभे राहिले. हसेनात का! एकीचे पट्टे खांद्यात रुतत होते, एकीचं बूड कमरेवर आपटत होतं. शेवटी हवाई छत्रीच्या कापडाची एक सापडली. रिकामी असताना मुठीत मावायची, भरली की पाठीला नीट बसायची. तीच घेतली. तिच्यात एक लुगडं, एक पांघरूण आणि भाकरी-ठेचा भरला, की माझं ओझं संपलं.

निघायच्या दिवशी सगळे आमच्या ओट्यावर जमले. एका मित्रानं माझी पिशवी उचलून पाहिली. "वहिनींची अगदीच हलकी आहे की! मग पातेली हिच्यातच बसतील." पातेली बसली. मग तवा, तांदूळ, डाळ, पिठाचा डबा. स्वयंपाक बाईचा, म्हणून भांडीही बाईनंच वाहायची, हे कुणाला बोलून दाखवावंही लागलं नाही. ज्या हलकेपणासाठी मी हसं करून घेतलं होतं, तो ह्या लोकांना मोकळी जागा वाटला! मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बुटाची नाडी बांधत होते आणि ती काही केल्या बांधून होईना. चारचौघांत नवऱ्याला काय बोलायचं म्हणून पिशवी पाठीवर चढवली, पण तळपायाची आग मस्तकात गेली होती.

राजूरपर्यंत सर्व्हिस मोटार होती, पुढे पायपीट. पायथ्याच्या पाचनईत पोचेपर्यंत माझे खांदे सोलून निघाले. पुरुषमंडळी पुढे गेली, मी एका अंगणात पाणी मागायला थांबले. तिथल्या बाईनं पिशवी उतरवायला हात लावला आणि ती चकितच झाली.

"आगं बया! गडावर लगीन हाय का काय? ह्ये समदं तुजंच हाय?"

"नाही," मी म्हटलं. "माझं ह्यात फारसं काहीच नाही."

"मंग ठिव की हितं. कुटं जातंय?"

इतकं सोपं होतं ते! तिच्या ओसरीवर मी तवा, पातेली, डाळ-तांदूळ सगळं मांडून ठेवलं आणि निघाले. काय चढले मी त्या दिवशी! वाटेत आमची मंडळी धापा टाकत बसली होती, त्यांना माझ्या पिशवीकडे बघायचंही भान नव्हतं. त्यांना मागे टाकून मी गडावरच्या देवळापाशी पोचले आणि मनसोक्त गड पाहिला.

मागाहून ते आले आणि देवळाजवळच्या गुहेत आडवे झाले. "हं वहिनी, होऊ द्या पिठलं झणझणीत!"

"भांडी पाचनईत आहेत. पीठही."

"अगं, मग आता खायचं काय?" हे ओरडलेच.

"आपलं ओझं आपणच वाहायचं ना? माझं मी आणलंय."

भांडी आणायला खाली कोण उतरणार, ह्यावर मास्तरांची जुंपली. मी बाजूला बसून भाकरी सोडली. थोड्या वेळानं हे शेजारी येऊन टेकले आणि मित्रांना दिसणार नाही असा हात पुढे केला. "अर्धी तरी दे."

दिली नाही. आज मागितली तरी देणार नाही.