पेवात मुरलेल्या पाच बाटल्या

आमच्या बाबांनी उभ्या जन्मात दारूचा थेंब घेतला नाही, आणि त्यांचा मुलगा पुण्यात बिअर बनवतो. म्हणजे माझा धाकटा भाऊ. शिकला रसायनशास्त्र आणि चिकटला बिअरच्या कारखान्यात. गावात कोणी विचारलं, पोरगा काय करतो, की बाबा कपाशीवर बोलू लागत. घरात तर त्याच्या कामाचा विषय काढायचीच सोय नव्हती. मी अमरावतीच्या शाळेत साठ पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करते, पण बाबांपुढे माझीही दातखीळ बसते.

नोकरीच्या पहिल्याच दिवाळीत भावाने एक बाटली आणली. इंपीरियल स्टाउट म्हणे. काळीकुट्ट, काकवीसारखी दाट, साध्या बिअरच्या दुप्पट कडक. आणि ती लोणच्यासारखी मुरवायची असते. चार-पाच वर्षं अंधारात, गारव्यात राहिली की तिचा उग्रपणा जातो. त्याने स्वतःच्या हाताने केलेली ही पहिली बिअर होती. पुण्यात तो दरवर्षी खोली बदलायचा, तिथे मुरवणार कुठे? म्हणून त्याने भीत भीत बाबांना विचारलं.

"घरात नाही ठेवाची," बाबा म्हणाले. "पेवात टाक."

आमचं शेत मूर्तिजापूरजवळ. तिथल्या घराच्या अंगणात ज्वारी साठवायचं जुनं पेव आहे, जमिनीत दोन पुरुष खोल. हल्ली ज्वारी पत्र्याच्या कोठीत जाते, त्यामुळे पेव रिकामंच. अकोल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीसुद्धा चहाला ठेवल्यासारखं येतं, पण पेवात तेव्हाही गारवा असतो. घराबाहेर काढायची म्हणून बाबांनी दिलेली जागा बिअर मुरवायला अख्ख्या वऱ्हाडात दुसरी सापडली नसती इतकी झकास निघाली. मग भाऊ दर दिवाळीला कारखान्यातली तसल्याच बिअरची एकेक बाटली आणायचा, चिठ्ठीवर वर्ष लिहून तिला चिकटवायचा आणि आत सोडायचा.

यंदा पाच झाल्या. जानेवारीत, हुरड्याच्या दिवसांत, सगळ्या एकदम उघडायचं ठरलं. येण्याआधी त्याचा मला फोन आला. "ताई, बाबांनी प्यावी असं मी म्हणतच नाही. फक्त त्या पहिल्या बाटलीचा एकदा वास घ्यावा. मग आयुष्यभर बोलले नाहीत तरी चालेल." एवढा मोठा बाप्या, पण लहान पोरासारखा गयावया करत होता. मला त्याचा राग आला आणि कीवही.

पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत. कोंडलेली हवा माणूस मारते. तोंड दिवसभर उघडं ठेवायचं, मग दोरीने कंदील सोडायचा, आणि तो विझला नाही तरच खाली जायचं. कंदील बाबांनीच सोडला. तो तेवत राहिला तसा भाऊ उतरला आणि टोपलीतून पाचही बाटल्या वर आल्या. स्वच्छ, घासूनपुसून लख्ख. एकीवरही चिठ्ठी नाही.

"चिठ्ठ्या कोनं काढल्या?" वर आलेला भाऊ पेवाच्या तोंडाशी तसाच उभा.

"म्या," बाबा बाजेवरून म्हणाले. "दिवाळीले, तू पुन्याले गेल्यावर. कागदाले उधई लागते. मंग थे पेवभर होते. इतकं समजत नाही तुले?"

बाबांचं चूक तरी कसं म्हणावं? ज्या पेवात साठ वर्षं वाळवी शिरू दिली नाही, तिथे कागद कसा ठेवतील? पण बाटल्या सगळ्या सारख्याच. पाचांतली पहिली कोणती, हे आता देवालाच ठाऊक. भावाचा चेहरा उतरला. म्हटलं, रडत बसून काय होणार, उघडून तर पाहू.

स्टीलचे पाच पेले मांडले, बाटलीगणिक एक. बाजूला भाकरी आणि ठेचा. मी आयुष्यात पहिल्यांदा असली बिअर चाखली आणि खरं सांगते, मजा आली. आधी करपलेल्या कॉफीचा कडूपणा, मग गुळाच्या पाकाची खरवड, आणि गिळल्यावर छातीत ऊब. ठेच्यावर तर अशी बसली की मी दुसऱ्यांदा पेला उचलला. भाऊ डोळे मिटून म्हणे, मनुका, चॉकलेट, जुनं चामडं.

"चामडं कोन खाते रे बाप्पा?" आई म्हणाली. तिने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि निकाल दिला, "ओव्याच्या काढ्यापरीस बरं आहे." मग हळूच दुसरा घेतला.

माझा नवरा स्वतःला बिअरमधला दर्दी समजतो. त्याने छातीठोकपणे तिसरा पेला सर्वांत जुना ठरवला. पाच मिनिटांनी तितक्याच छातीठोकपणे पहिला. आम्ही हसून हसून बेजार झालो. हसत नव्हता फक्त भाऊ. एकेक पेला पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होता, आणि त्याला स्वतःलाच खात्री होत नव्हती.

आता एक सांगते. पंचक्रोशीत कोणाचंही पेव उघडलं की बाबांना बोलावणं यायचं. मूठभर ज्वारी नाकाशी धरून ते सांगत, कोणत्या सालची आहे, पाणी कधी शिरलं, खायची की ढोरांना घालायची. अशा माणसाला समोर चार जण वास घेत चाचपडताना बघवेना.

"बह्याड आहा समदे," ते म्हणाले. "आना इकडं."

भावाने पाचही पेले नेऊन बाजेवर ठेवले. बाबांनी पहिला पेला उचलला, हुंगला, ठेवला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. चौथा नाकाशी नेला आणि तिथेच धरून राहिले. पाचवा हुंगून पुन्हा चौथ्यावर आले.

"ह्या चार कारखान्याच्या," ते म्हणाले. "अन् ह्या एकीत जवारी आहे. भाजेल. आपल्या वावरातली."

भाऊ बाजेला टेकून खाली बसला. त्या पहिल्या बिअरमध्ये त्याने बिअरला लागणाऱ्या बार्लीऐवजी घरची ज्वारी भाजून घातली होती. हे त्याने मला सांगितलं नव्हतं, कोणालाच नाही. डोळे पुसत बोलू लागला, "बाबा, म्या तवा कोठीतून एक पोतं नेलं होतं. तुमी नाही म्हनसान म्हून इचारलं नाही."

बाबांनी पेला खाली ठेवला नाही. अजून एकदा हुंगला.

"खडे, कोंडा सगट भाजली तू," ते म्हणाले. "मले सांगतलं असतं त चांगली चाळून देली असती."