वरच्या मजल्याविरुद्धचा अर्ज

ही गोष्ट मी सात वर्षं कुणालाच सांगितली नव्हती. गेल्या महिन्यात, जिला सांगायला हवी होती तिला सांगितली — म्हणून आता तुम्हालाही सांगू शकतो.

सोलापुरात भर बाजारात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. शेजारी नरसय्या आणि लक्ष्मीअक्का शाळेचे गणवेश शिवतात. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी. खाली दुकान, वर दोन खोल्यांत ते दोघं, मुलगी आणि अक्काचे सासरे राहायचे. सासऱ्यांना दिसत नाही. तरी पायऱ्या मोजत एकटे खाली यायचे, दारात बसून हातानं चाचपत बटणं निवडायचे.

त्या भागात तेव्हा फक्त व्यापाराला परवानगी होती, राहायला नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलत नव्हतं. बोललो मी. म्हणजे — बोललोही नाही. माझ्याच कॉम्प्युटरवर निनावी अर्ज टाइप केला. खाली कापड, वर गॅस, आगीचा धोका. आगीची काळजी होती का मला? छे. माझी बायको जाऊन वर्ष झालं होतं. दुपारी डबा उघडून एकटा बसलो, की वरून त्या चौघांचं जेवताना हसणं ऐकू यायचं. ते मला सोसेना. बस्, एवढंच.

महापालिकेची नोटीस आली. आणि अक्का ती घेऊन कुणाकडे आली असेल? माझ्याकडेच. "भाऊ, हेला उत्तर लिवून द्या की." मी लिहून दिलं. पैसे घेतले नाहीत. तिनं हात जोडले — आणि मी ते जोडू दिले.

उत्तराचा उपयोग झाला नाही. दुकान तेवढं खाली राहिलं, राहायला त्यांनी लांब भाड्याची खोली घेतली. तिथं सासरे एका कोपऱ्यात बसले ते बसलेच. कुठं पायरी, कुठं गटार, कळेना. अक्का मला हे सांगायची. मी मशीनमध्ये कागद घालत राहायचो.

मग काही वर्षांनी नियम बदलला. व्यापारी भागातही वरच्या मजल्यावर राहायला परवानगी मिळणार होती. वाचल्या वाचल्या मी त्यांच्याकडे गेलो, अर्ज भरला, नकाशा काढून आणला, कचेरीत खेटे घातले. परवानगी मिळाली. वाटलं — झालं, फिटलं. पण सामान वर चढलं त्या दिवशी अक्का पेढे घेऊन आली. "तुमच्यामुळं परत आलो, भाऊ." पेढा घ्यायला हातच पुढं होईना.

"अक्का, तो पहिला अर्ज मी केलता."

"कुटला?"

"तुमच्या विरुद्धचा. निनावी."

तिनं पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. मग एकच विचारलं, "मामंजी इतकी वर्सं कोपऱ्यात बसले, ते तुमच्यामुळं?"

"व्हय."

तिनं पुडा उचलला आणि गेली.

आता ती बोलत नाही. त्यांचे कागद पलीकडच्या गल्लीत टाइप होतात. मला मात्र मोकळं वाटतंय — हे कबूल करायलाही लाज वाटते, पण वाटतंय. ती समोरून येते, मला बघून मान फिरवते. मी रस्ता बदलत नाही.