सतीशकाका आणि साखर खाणारा जंत

"सतीशकाका गेला," बाबा फोन ठेवत म्हणाले, आणि मी येड्यासारखं विचारलं, "कुठे?"... महिना झाला त्याला. बाबांचा हा मित्र इथे शारजात एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचा. त्याआधी कोल्हापुरात मेंढ्यांच्या आतड्यातल्या पट्टकृमींवर, म्हणजे फितीसारख्या लांब जंतांवर, त्याचं संशोधन चालू होतं, ते अर्धवट टाकून इथे आला. पण जंतांचं वेड सुटलं नाही, दर शुक्रवारी आमच्याकडे जेवताना तेच सुरू.

मी आठवीत असताना मीच विचारलं, काका, पट्टकृमी खातो काय? झालं... ताटातला हात ताटातच. "त्याला तोंड नाही, पोट नाही. आपल्या जेवणातली साखर तो अंगानेच ओढतो. आणि जाळतो कशी, तर अर्धवट. आतड्यात ऑक्सिजन फारसा नसतो ना. उरलेल्याचं आम्ल करून टाकून देतो. फुकट मिळतंय, काटकसर कशाला?" आई म्हणाली, "भावजी, जेवू द्या हो." मला मात्र भारी वाटलं. शेजारी बसलेला दत्तूदादा, सोनापूरच्या कामगार कँपवरचा गुहागरचा प्लंबर, तोही शुक्रवारी आमच्याकडेच जेवायचा, कान देऊन ऐकत होता.

पुढच्या शुक्रवारी त्याने भात घेतला नाही. चहा बिनसाखरेचा. त्याच्या पुढच्या शुक्रवारी चपातीपण नाही. आई म्हणाली, "काय रे, आमच्या भातात खडे लागले?" तो हसला, उठला, आणि दारातच चक्कर येऊन पडला. शुद्धीवर आल्यावर खरं बोलला. शौचात पांढरे तुकडे दिसत होते. डॉक्टरकडे गेलं की रिपोर्ट कंपनीत जाणार, मग खलास, घरी पाठवणार, असं त्याच्या डोक्यात. "तुम्हीच म्हणालात ना साखरेवर जगतो. म्हटलं उपाशी मारू."

"अरे," काका म्हणाला, "तो साखर साठवून ठेवतो. त्याच्याआधी तू मरशील. साधी गोळी असते त्याला."

"मग ते त्या दिवशी का नाही सांगितलं?"

काका स्वतः दत्तूदादाला डॉक्टरकडे घेऊन गेला. एका डोसमध्ये काम झालं, नोकरीही राहिली.

परवा आम्ही काकाची खोली रिकामी करायला गेलो, दत्तूदादाही आला. टेबलासमोर भिंतीवर, विचारायला येणाऱ्यांसाठी, काकाच्या अक्षरातला कागद. वर मोठ्ठं, 'गोळी मिळते. घाबरू नका. मी बरोबर येतो.' त्याखाली त्याचा मोबाइल नंबर. जंत साखर कशी जाळतो ते एकदम तळाला, बारीक अक्षरात, कारण ते लिहिल्याशिवाय त्याला राहवलंच नसणार. दत्तूदादाने कागद अलगद सोडवला. "कँपवर लावतो." मग माझं पेन मागितलं, काकाचा नंबर खोडला आणि तिथे स्वतःचा लिहिला.