हजेरीच समज

कोर्टाच्या फेऱ्या घालणाऱ्याच्या पदरात न्याय पडेल तेव्हा पडो, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून पडायला लागतात. मी दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे. डबा खाताना बायका म्हणतात, "सांग ना तुझ्या वकिलाचं!" मी सांगते, त्या हसतात. मीही हसते. रडून झालंय माझं.

माझा धाकटा भाऊ किसन मानकोलीला लोडर होता. सुपरवायझरने सांगितलं म्हणून त्याने मोबाईलचे खोके टेम्पोत भरले. खोके चोरीचे निघाले आणि आत गेला किसन! वर सुपरवायझरनेच आम्हाला वकील करून दिला. आम्ही वज्रेश्वरीकडची पाड्यावरची माणसं, दोघांपुढेही हात जोडले.

*

पहिल्याच भेटीत वकीलसाहेबांनी अंगठ्यासाठी आईपुढे कोरा कागद सरकवला.

आई म्हणाली, "सायेब, याच्यावर तं कायच न्हाय!"

"आजी, लिहिलेलं बघून माणूस घाबरतो. म्हणून कोरा ठेवलाय!"

आईला साहेब फार मायाळू वाटले.

*

जामिनाच्या दिवशी साहेब जोरात सुरू झाले, "माझे अशील वयोवृद्ध आहेत, त्यांना हृदयविकार आहे..."

जजसाहेबांनी किसनकडे पाहिलं. बावीस वर्षांचा गडी, गोण्या उचलून कमावलेले दंड! वकीलसाहेबांनी भलत्याचीच फाईल उघडली होती.

तरी डगमगले नाहीत. "जेलमध्ये माणूस लवकर पिकतो, सर!"

सगळं कोर्ट हसलं. जामीन मात्र फेटाळला.

*

एकदा मानकोलीच्या नाक्यावर साहेब दिसले, सुपरवायझरच्या गाडीत, पुढच्या सीटवर. दुसऱ्या दिवशी मी धीर करून विचारलं.

"अगं, शत्रूच्या गोटात शिरल्याशिवाय केस जिंकता येते का?"

मला पटलं हो! आठ दिवस मी सगळ्यांना कौतुकाने सांगत होते. शेवटी लाईनवरची शबाना म्हणाली, "पगली, जासूसी करने गया था या दावत खाने?"

त्या दिवशी माझा डबा तसाच परत गेला.

*

मग वकील बदलायचं ठरवलं. नवीन वकील म्हणाले, आधी जुन्याची एनओसी आणा. मी साहेबांकडे गेले.

"एनओसी? घटस्फोट मागतेस काय?" साहेब हसले. "देतो की. पण स्टॅम्प घरी राहिला."

चार वेळा गेले. चारही वेळा स्टॅम्प घरी! पाचव्या वेळी मी म्हटलं, "साहेब, स्टॅम्प तरी घरी आहे. माझा भाऊ कधी यायचा?"

साहेबांनी फोन कानाला लावला. तो वाजला नव्हता.

*

शेवटच्या तारखेला साहेबांनी किसनला व्हरांड्यात गाठलं. "आज तुला घरी सोडवतो. जजसाहेब काही बोलले की 'हाय' म्हणायचं. हजेरीच समज."

किसन खूश. गोडाऊनला रोज सकाळी हेच तर करायचा तो. मीही मान डोलावली, हे मी विसरू शकत नाही.

"किसन?"

"हाय."

"वकिलांनी सगळं समजावलंय?"

"हाय."

"गुन्हा कबूल आहे?"

"हाय!"

मी मागून ओरडले, "न्हाय! न्हाय!" हवालदार बाईंनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

जेवढे महिने आत काढले तेवढीच शिक्षा लागली. किसन त्याच दिवशी सुटला. जेलच्या गेटातून धावत आला आणि मला मिठी मारून म्हणाला, "ताय, वकील भारी हाय आपला!"

त्याला खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या सोमवारी त्याला कामासाठी आमच्या गोडाऊनला घेऊन आले. सिक्युरिटीवाल्याने फॉर्म दिला. किसनने नाव लिहिलं, गाव लिहिलं, सगळं सुवाच्य अक्षरात. एका ओळीवर पेन थांबलं. त्याने बोट ठेवून हळूहळू वाचलं, "पूर्वी एखाद्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का?"

मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"ताय, हितं काय लिहू? हाय का न्हाय?"