बोर्डावरचं कात्रण

जगात नव्याने निघालेल्या प्रत्येक यंत्राच्या बारशाला जाऊन तिथेच त्याचं श्राद्ध उरकायचा मान देवाने एकाच माणसाला दिला होता, आणि तो माणूस चार वर्षं रोज सकाळी सात वाजता अमेरिकेत, फ्रीमाँटमध्ये, माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर येऊन बसायचा. आमचे कारपूलवाले काका. नात्याने ते माझे कोणीच नव्हते. टाउनहाउसच्या आमच्याच रांगेत शेवटचं घर त्यांचं, आणि मी, ते आणि मिलिंद असे तिघं सांता क्लाराच्या एकाच कंपनीत कामाला, एवढाच संबंध. गाडी मी चालवायचो. मिलिंद पुढे बसून कॉफी सांडायचा. काका भाजी आणायला गावातल्या गावात गाडी काढत, पण फ्रीवेचं नाव काढलं की म्हणत, "ते काय गाडी चालवणं आहे? तोफेच्या तोंडी जाणं आहे ते!" म्हणून त्यांनी आपणहून एक काम अंगावर घेतलं होतं. माझ्या दारात पडलेला पेपर उचलायचा आणि रस्ताभर आम्हाला वाचून दाखवायचा. सगळा पेपर नाही हं. लढाया, निवडणुका, भूकंप यांच्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. यंत्रांच्या बातम्या तेवढ्या वाचायचे. छापलेल्या इंग्रजीत, वाचलेल्या मराठीत, आणि छापल्याच्या दुप्पट लांब.

बातमी अर्धी होते न होते तोच निकाल लागायचा. हातात धरून नेण्याचा काँप्युटर निघाला, वजन शिलाई मशीनएवढं, काका म्हणाले, "हमाल बरोबर देतात का विचारा." गाडीत बसवायच्या फोनची बातमी आली तेव्हा ते खरोखर चिडले होते. "अरे, माणूस गाडी घेतो कशाला? घरच्यांना तो कुठे आहे ते कळू नये म्हणून. तिथेही बायकोचा फोन! मग घरीच बसलेलं काय वाईट?" घराघरांत काँप्युटर येणार म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "आणि करणार काय त्यावर? पाककृती लिहून ठेवणार म्हणे! तुझ्या काकूने आयुष्यात एक पाककृती लिहिली नाही, आणि तिची आमटी अजून बिघडायची आहे." कारखान्यातला रोबो कधी संप करत नाही ही बातमी वाचून मात्र त्यांनी पेपर खाली केला. मग म्हणाले, "म्हणजे माणसापेक्षा मूर्खच की." मिलिंद हसून हसून म्हणायचा, "काका, यार, तुम्ही टीव्हीवर जायला पाहिजे." आणि मी हसायचो. रोज, न चुकता. नीट ऐकत नसलो तरी हसायचो.

खुद्द काका चिपांच्या खात्यात होते हे सांगितलं तर कोणाला पटत नसे. अठरा वर्षं नागपूरला टेलिफोन खात्यात काढून, भावाच्या स्पॉन्सरशिपवर ते चाळिशी उलटल्यावर इकडे आले. तिकडचे इंजिनिअर, इकडे टेस्ट टेक्निशियन. मेमरीच्या चिपा भट्टीत घालून तापवायच्या आणि कुठल्या जगल्या, कुठल्या मेल्या ते बघायचं, हे त्यांचं काम. "मी अमेरिकेतला भडभुंजा," असं ते इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सगळ्यांना सांगत, आणि घरोघरून पदार्थ आणलेल्या पोटलकच्या रांगेत उभी असलेली डॉक्टर-इंजिनिअर मंडळी पोट धरधरून हसत. पण चिप कशी दगा देणार हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. मी त्यांच्या सेक्शनचा मॅनेजर, वयाने सोळा वर्षांनी लहान. गाडीत ते मला अरे-तुरे करायचे, आणि कंपनीचं गेट आलं की शर्ट नीट करून "सर, तुम्ही" म्हणायला लागायचे. मी कितीदा म्हटलं, काका, असू द्या हो. तर म्हणाले, "गेटचा मान ठेवावा रे."

पेपरला पत्रं लिहायची त्यांना खोड होती. प्रत्येक यंत्रावर एक पत्र, सुवाच्य अक्षरात, हाताने लिहिलेलं. चार वर्षांत एकही छापून आलं नाही. आणि एके दिवशी आलं! जपानी कंपन्यांनी मेमरीचे भाव पार खाली आणले होते, त्यावर काकांनी लिहिलं होतं की चिपा आता शेंगदाण्याच्या भावात मिळतात, तेव्हा इथल्या मेमरीवाल्यांनी दुकान बंद करून कांदाभजी तळावीत. भट्टी तर आहेच. काकांनी भर फ्रीवेवर ते मोठ्याने वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि तिसऱ्यांदा आवाज बसल्यामुळे मिलिंदने वाचलं. संध्याकाळी काकूंनी खरोखरची कांदाभजी केली. काकांनी पेपरच्या पाच प्रती आणल्या. चार अकोला, नागपूर, ठाणे आणि इंदूरला नातेवाइकांकडे पाठवल्या. पाचवीतलं पत्र मी कापून मागून घेतलं. म्हटलं, ऑफिसात बोर्डावर लावतो. काकांनी आधी आढेवेढे घेतले, मग स्वतःच टाचण्या आणून दिल्या.

माझ्या हातून घडलेली गोष्ट ती हीच. कौतुकाने केली होती, हे मी आजवर स्वतःलाच सांगत आलोय.

दोन-तीन महिन्यांत आमचीही मेमरी बंद करायचं ठरलं. अकरा टेक्निशियन होते, त्यांतले दोघं दुसऱ्या सेक्शनला घ्यायचे, बाकीच्यांना नारळ. नावं ठरवायला बॉसने गुरुवारी मला बोलावलं. ठेवायच्या दोघांत पहिलं नाव काकांचं, हे मी मनाशी पक्कं करून गेलो होतो. शपथेवर सांगतो. बावन्न वर्षांच्या माणसाला चिपवाल्यांच्या या व्हॅलीत दुसरी नोकरी कोण देणार? मी तोंड उघडलं, "आमचा सगळ्यात चांगला माणूस..." आणि तेवढ्यात बॉसने फाइल उघडून समोर धरली. आत यादीच्या कोऱ्या कागदाला क्लिपने लावलेलं ते कात्रण होतं. येता-जाता बोर्डावरून काढून आणलेलं. "हाच ना तो?" बॉस म्हणाला. "याने तर लेखीच दिलंय, दुकान बंद करा म्हणून! याला राग येणार नाही. मजेत घेईल तो." आणि हसला.

मीही हसलो. काकांच्या विनोदावर हसायची सवयच लागली होती मला. हसून झाल्यावर पुन्हा तोंड वर करून "पण" म्हणायला जी हिंमत लागते, ती माझ्यापाशी नव्हती. माझ्याही डोक्यावर घराचा हप्ता होता, मलाही राहायचं होतं. दोन तरुण पोरांची नावं ठरली. मी चांगली सही केली, नेहमीसारखी वळणदार.

शुक्रवारी सकाळी काका नेहमीसारखे पेपर घेऊन गाडीत बसले. पहिलीच बातमी मेमरीच्या मंदीची. सांता क्लारात आणखी माणसं कमी होणार. ती त्यांनी सरळ वाचली, टिप्पणी न करता. मग पेपर मांडीवर ठेवून म्हणाले, "आपलं काय रे? तुला काही कळलं असलं तर आत्ताच सांग बाबा. घरी जाऊन काकूला सांगायचं तर दिवसभर धीर गोळा करावा लागेल मला."

आरशात त्यांचे डोळे दिसत होते. मी आरसा हलवला.

"मला काय माहीत, काका," मी म्हटलं. "पुढची बातमी वाचा."

आणि त्यांनी वाचली हो! चित्र दिसणारा फोन येणार होता कुठेतरी. "म्हणजे आता खोटं बोलताना तोंडही नीट ठेवावं लागणार," काका म्हणाले. मिलिंद खदखदून हसला. मीही हसलो. माझ्या हसण्याची मला त्या दिवसाइतकी किळस कधी आली नाही.

दहा वाजता पाकिटं वाटली. अकराला काका पुठ्ठ्याचं खोकं घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि गेटच्या आत पहिल्यांदाच म्हणाले, "चल रे, घरी सोड. मला फ्रीवेवर जाता येत नाही, तुला माहीतच आहे."

अर्धा रस्ता संपला. पेपर मागे तसाच पडला होता. मग ते म्हणाले, "एक काम करशील? बोर्डावरचं ते कात्रण तेवढं आणून दे. एकुलतं एक छापून आलेलं. इंदूरवाल्यांनी तर त्यात चिवडा बांधला असेल एव्हाना."

मी म्हटलं, "काका, ते बोर्डावर नाहीये. कोणीतरी चोरलं वाटतं."

काकांनी खोकं बाजूला सारलं, ताठ बसले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. "चोरलं? म्हणजे फारच आवडलं असणार रे कोणाला तरी!" आणि घर येईपर्यंत, ते कोणी चोरलं असेल याचा ते एकेक अंदाज सांगत राहिले.

नंतर सहा महिने काकांनी मंडळातल्या प्रत्येक घरी रेझ्युमे दिला. पोट धरून हसणाऱ्या त्या मंडळींपैकी एकानेही फोन केला नाही. मग ते काकूंना घेऊन भाच्याच्या मोटेलवर टेक्सासला निघून गेले. दिवाळीला पत्र येतं त्यांचं. मोटेलमधल्या फोनला उत्तर देणारं मशीन बसवलंय आणि ते आपल्यापेक्षा नम्र बोलतं, अशी तक्रार असते. मोत्यांसारखं अक्षर अजून तसंच आहे. शेवटी नेहमी एक ओळ: "चोर सापडला का?"

बॉस सोडून गेला तेव्हा त्याच्या टाकून दिलेल्या फायलींतून मी ते कात्रण काढून घेतलं. क्लिपच्या जागी गंजाचा डाग पडलाय, बाकी ठीक आहे. पाकीट तयार आहे, त्यावर पत्ताही लिहिलाय, तिकीट लावलंय. पण टाकवत नाही. पाठवलं तर काका कपाळाला हात लावून काकूंना हाक मारतील आणि म्हणतील, "अगं, चोर घरातलाच निघाला! बघ, एवढं आवडलं होतं त्याला माझं लिहिणं."